कानपिळीचे चार टायर

केदारने गाडी घेतली ती दसऱ्याला. गाडी म्हणजे बोचकी कोंबून गावाला जायची गाडी नव्हे हं. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. आत बसायचं म्हणजे आधी गुडघे दुमडायचे, मग मान वाकवायची आणि मग देवाचं नाव घेऊन अंग सोडून द्यायचं. पाचपाखाडीच्या सोसायटीत ती आली तेव्हा केदारचे वडील विश्रामराव, बँकेतून निवृत्त झालेले सरळमार्गी गृहस्थ, तिच्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, "छान आहे. पण आम्ही कुठे बसायचं?"

"बाबा, ही स्पोर्ट्स कार आहे. हिला मागे सीट नसतेच."

"असं होय," विश्रामराव म्हणाले आणि वर जाऊन पेपर वाचत बसले.

बरं, हौसेला मोल नसतं म्हणून तिथेच सोडावं, तर नाही. गाडीच्या हाराची फुलं वाळली नाहीत तोच पठ्ठ्याने तिचे टायर बदलायचं काढलं. नव्या कोऱ्या गाडीचे नवे कोरे टायर! विश्रामरावांना वाटलं, आपल्यालाच ऐकू कमी आलं.

"नवा शर्ट आणून त्याची बटणं तोडतोस आणि दुसरी लावतोस, असं का?"

"तसं नाही हो. कंपनी देते ते टायर सगळ्यांसाठी असतात. खूप चालावेत म्हणून कडक रबराचे. ह्या गाडीला परफॉर्मन्स टायर लागतात. रबर मऊ, वळणावर रस्ता धरून ठेवतं, ओल्यात ब्रेक मारला तर गाडी सरकत नाही."

आणि मग तो सुरूच झाला. टायरच्या कडेवर लिहिलेले आकडे कसे वाचायचे, रुंदी कुठली, उंची कुठली, शेवटचं अक्षर वेगाचं कसं, पाणी बाहेर फेकायच्या खाचा कशा असाव्यात. महिनाभर त्याने जेवताना मोबाइल समोर ठेवून हेच पाहिलं होतं. कुठल्याशा गोऱ्या माणसाने ओल्या मैदानावर तीच गाडी सात-आठ प्रकारच्या टायरांवर गरागरा फिरवलेली. त्यातून केदारने एक युरोपातली कंपनी मनात पक्की केली. ते टायर वाईट नव्हतेच. पण खरं कारण विचाराल तर त्या कंपनीचं नाव टायरवर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत असायचं आणि ज्याला कळतं त्याला ते लांबून दिसायचं.

"मग साईनाथरावांना सांग की," विश्रामराव म्हणाले. "घरचा जावई टायरच्या धंद्यात असताना बाहेरून टायर? बरं दिसतं का ते?"

झालं. 

साईनाथ म्हणजे केदारच्या थोरल्या बहिणीचा, मैथिलीचा नवरा. डोंबिवली पूर्वेला मानपाड्यात राहणारा, आगऱ्यांच्या घरातला. रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान, मागे घर. मैथिलीने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा पाचपाखाडीत जो गहजब झाला तो सोसायटीने भिंतीला कान लावून ऐकला. शेवटी दोघांनी कोर्टात जाऊन सह्या केल्या. आईवडील गेले नाहीत. केदार तेव्हा बंगळुरूला नोकरीला होता. त्याने कळवलं, रजा मिळत नाही. रजा त्याने मागितलीच नव्हती. पुढे राग निवला, येणंजाणं सुरू झालं, आणि विश्रामरावांना आपल्या वागण्याची अशी काही टोचणी लागली की जावयाचा मान राखायची एकही संधी ते सोडीनात. साईनाथही भला माणूस. सासरी आला की जपून, शब्द चाचपून बोलायचा. घरी 'पानी' म्हणणारा माणूस इथे 'पाणी' म्हणताना क्षणभर थांबायचा. केदारला ते ऐकू यायचं आणि का कोण जाणे, त्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

केदार काही बोलायच्या आत विश्रामरावांनी फोन लावलासुद्धा. "साईनाथराव, केदारच्या गाडीला टायर घ्यायचेत. तुम्हीच काय ते बघा."

तिकडून साईनाथचा आनंद फोनबाहेर सांडत होता. सहा वर्षांत सासरच्या माणसांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

त्याने केदारकडून कंपनीचं नाव लिहून घेतलं आणि ठाणं, भिवंडी, वाशी सगळं पालथं घातलं. त्या मापात तो टायर कुठे मिळेना. मग त्याने फोन केला. "केदार, ते डिसेंबरशिवाय येत नाहीत. दुसरी एक कंपनी आहे, पूर्वेकडची कुठलीतरी. माझा सप्लायर सांगतो पावसात चांगला धरतो. मला ह्यातलं फार कळत नाही हं, मी टेम्पो-रिक्षावाला माणूस. तू बघ, नाही आवडलं तर सरळ नाही म्हण."

सरळ नाही म्हण! एवढं सोपं असतं तर काय हवं होतं? 'भावोजी, मी डिसेंबरपर्यंत थांबतो.' संपलं असतं. साईनाथला वाईटही वाटलं नसतं. पण आपल्याकडे ही जी भीड असते ना, ती नको तिथे आडवी येते आणि हवी तिथे पळून जाते. केदार म्हणाला, "चालेल की भावोजी. तुम्ही म्हणाल ते."

कोजागिरीच्या दिवशी तो गाडी घेऊन मानपाड्याला गेला. दुकानासमोर एक रिक्षा आडवी पाडलेली, पंक्चर बघायचा पाण्याचा टब, टेम्पोच्या चाकांची चळत, आणि त्यात ही लाल गाडी. आसपासची सगळी माणसं दुकानं सोडून बघायला आली. साईनाथने स्वतःच्या हाताने टायर बसवले. दर चाकापाशी वाकून रिमला ओरखडा नाही ना, ते बोट फिरवून पाहिलं. मैथिलीने तेलात कुंकू कालवून प्रत्येक टायरच्या कडेवर स्वस्तिक काढलं. साईनाथची आई शेवंतीबाई खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमचे सुनंचा भाव हाय."

केदारने पैशांसाठी मोबाइल काढला तर साईनाथने त्याचा हातच धरला. "पैसे? अरे, तुझी कानपिळी राहिलीय."

केदारला कळेना. मग लक्षात आलं. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवरदेवाने त्याला मानाचं काहीतरी द्यायचं. कोर्टात कोण कुणाचा कान पिळतो? आणि पिळणारा तर बंगळुरूला बसला होता.

"हे टायर तुझ्या कानपिळीचे. पिळ आता," असं म्हणून साईनाथने भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, कान पुढे केला.

केदारने हसत हसत हळूच पिळला. शेवंतीबाई ओरडल्या, "जोरानं पिल रं बाला, सहा वर्साचा ब्याज हाय!" सगळे हसले. मैथिली हसता हसता पदराने डोळे पुसत होती.  केदारने कान अजून जरा पिळला आणि म्हणाला, "भावोजी, ताईला सांभाळा हं." सहा वर्षं उशिरा का होईना, म्हणाला.

टायर चांगले होते का? होते. घोडबंदर रोडच्या वळणावर गाडी रुळावर असल्यागत जायची. आवाज नाही, हादरा नाही. केदार खुशीत होता. पुढच्या रविवारपर्यंत होता.

त्या रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी गाडीवाल्यांचा गट जमला. केदार नुकताच त्यात शिरलेला. सगळ्यांच्या गाड्या एका रांगेत, चहाचे कप बॉनेटपासून लांब धरलेले. त्यातला विनीत म्हणून एकजण, ज्याच्या शब्दाला तिथे वजन होतं, केदारच्या गाडीभोवती हिंडला आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसला.

"भाई, हा कुठला ब्रँड?" त्याने नाव अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं. "ए, इकडे या रे! कुणी ऐकलंय हे नाव?"

कुणी ऐकलं नव्हतं. विनीतने मोबाइल काढून फोटो घेतला. "काय यार केदार! शेरवानी घालून खाली स्लिपर? आणि हे कुंकू पण! सीरियसली?"

सगळे हसले. केदारही हसला. हसला म्हणजे काय, सगळ्यांत मोठ्याने हसला. आणि म्हणाला, "अरे, टेम्पररी आहेत रे ते. असाच एक ओळखीचा आहे, त्याने घातलेत."

ओळखीचा! बहिणीचा नवरा, ज्याचा कान ह्याने आठवड्यापूर्वी पिळला, तो ओळखीचा. शब्द तोंडातून गेल्यावर केदारची कानशिलं तापली, पण गेलेला शब्द काही परत येत नाही. आणि आता तो टेम्पररी शब्द खरा करणं भाग होतं. टायर वाईट असते तर गोष्ट वेगळी होती, आपण म्हटलं असतं, जिवाची काळजी केली. पण चार टोळभैरव हसले म्हणून? शी!

घोडबंदर रोडवरच एक काचेचं दुकान होतं, वातानुकूलित, आत टायर दागिन्यांसारखे दिव्याखाली मांडलेले. तिथे चौकशी केली तर त्याला हव्या त्या कंपनीचा एक संच कुणीतरी मागवून मग नेलाच नव्हता, तो पडून होता. केदारने तो तिथल्या तिथे बसवून घेतला. काचेमागे कॉफी पीत बसला तेव्हा समोर एकेक चाक उतरत होतं. कुंकू जरा फिकं झालं होतं, पण स्वस्तिक स्पष्ट होतं. केदारने मान वळवून भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहायला सुरुवात केली.

"सर, जुन्यांचं काय करायचं?" तिथल्या माणसाने विचारलं. "नवेच आहेत."

"ठेवा तुमच्याकडे. काय करायचं ते करा."

गाडीत कोंबून घरी आणले असते तर बाबांनी विचारलं असतं. म्हणून तो तसाच निघाला. टायरच्या धंद्यात माणसं एकमेकांना ओळखतात, उतरवलेला माल हातोहात फिरतो, हे त्या महिनाभराच्या अभ्यासात कुठे आलं नव्हतं.

दिवाळी आली. भाऊबीज म्हटलं की भावाने बहिणीच्या घरी जायचं. केदारने ठरवलं होतं रिक्षाने जायचं. पण आदल्या दिवशी मैथिलीचा फोन. "केदार, गाडी घेऊनच ये हं. आईंनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय. त्यांना एक फेरी हवीय." आता काय करता? नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि नेण्याची हिंमत नव्हती. इतर कुणाला कळलं नसतं, पण साईनाथ टायर बघूनच माणसाशी बोलायला लागतो.

मग ह्या शहाण्याने काय केलं असेल? गाडी नेली, पण मानपाड्याला पोचल्यावर दुकानाच्या अलीकडे, एका गोदामाच्या तोंडाशी, भिंतीआड लपवून लावली. चोराने मुद्देमाल लपवावा तशी. आणि हातात मिठाईचा पुडा नि बहिणीची साडी घेऊन धुळीतून चालत निघाला. नवे बूट पांढरे झाले.

शेवंतीबाई ओट्यावरच होत्या. "ये रं बाला. गारी कुठं हाय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय, आई." चालताना पाठ केलेलं वाक्य.

म्हातारीचा चेहरा असा उतरला की केदारला बघवेना. तेवढ्यात साईनाथ दारातून बाहेर आला. नवा झब्बा घातलेला, हसरा. "हो आई, मीच सांगितलं होतं त्याला. नवीन टायर घातले की एकदा चेकिंग करावं लागतं."

केदारने त्याच्याकडे पाहिलं. साईनाथ त्याच्याकडे पाहत नव्हता. "चल केदार, हातपाय धू," म्हणाला आणि त्याला मागच्या मोरीकडे घेऊन गेला. बादलीतून पाणी ओतता ओतता हळू आवाजात बोलला.

"ते टायर माझ्याकडे आलेत."

केदारचे हात साबणासकट तसेच राहिले.

"आमचा धंद्यातल्यांचा ग्रुप आहे. घोडबंदरच्या दुकानवाल्यांनी फोटो टाकला, चार टायर, जवळजवळ नवे. त्यावर स्वस्तिक. मैथिलीचा हात मी ओळखणार नाही का? मीच घेतले परत. दुसऱ्या कुणी नेले असते तर बरं दिसलं नसतं. माळ्यावर ताडपत्रीखाली ठेवलेत."

"भावोजी, मी..."

"राहू दे रे. तुला नाही आवडले, नाही आवडले. गाडी तुझी आहे." साईनाथने खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातात दिला. "फक्त एक ऐक. मैथिलीला आणि आईला ठाऊक नाही. आई आजही लोकांना सांगते, माझ्या सुनेच्या माहेरच्यांनी आमच्याकडून टायर घेतले म्हणून. तिला कळू देऊ नकोस. एवढं कर."

केदार "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? ह्या माणसाने ताडकन एक मुस्काटात ठेवून दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण असली माणसं मारत नाहीत, टॉवेल देतात, आणि ते सोसत नाही.

आत पाट मांडला होता, भोवती रांगोळी. शेवंतीबाईंनी त्याच्यासाठी घरात आज मासळी आणू दिली नव्हती. वालाच्या बिरड्याचा आणि तांदळाच्या भाकरीचा वास सुटला होता. मैथिलीने निरांजन लावलं, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली.

"साईनाथ! अरं, तुझ्या मेव्हन्याची ती लाल गारी गोडाउनच्या तोंडाशी लावलीय. माझा टेम्पो निघत नाय!"

शेजारचा दौलत. लग्नाची, हळदीची भाडी मारणारा टेम्पोवाला. 

"सर्व्हिसिंगला व्हती ना?" शेवंतीबाई म्हणाल्या.

"आणून सोडली असेल त्यांच्या माणसाने," साईनाथ पटकन म्हणाला. दुसऱ्यासाठी खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्यामुळे वाक्य जरा वरच्या पट्टीत गेलं.

पण म्हातारीला कुठे त्याची पर्वा? ती उठलीच. "आली? मंग चला, आदी गारीला ओवालू, मंग भावाला." मैथिलीने ताम्हन उचललं. ओट्यावरून दोन बाया सामील झाल्या, पलीकडचे दोघेतिघे आले, आणि ती वरात गोदामाकडे निघाली. केदार मागून चालत होता.  साईनाथ त्याच्या बाजूने चालत होता आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मैथिली पुढच्या चाकाशी बसली. कुंकवात बोट बुडवलं, टायरला लावायला नेलं आणि थांबली. सहा वर्षं टायरवाल्याच्या घरात काढलेली बाई ती. पांढरी, ठसठशीत अक्षरं तिने एकदा वाचली, मग उठून मागच्या चाकावरची वाचली.

"हे आपले टायर नाहीत."



"नाहीत," साईनाथ म्हणाला. "आपल्या मालात खोट निघाली. एका टायरला कडेला फुगा आला होता. मीच केदारला म्हटलं, काढून टाक, रिस्क नको. दिवाळीच्या गडबडीत तुला सांगायचं राहिलं."

मैथिलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. शेवंतीबाई म्हणाल्या, "फुगा? अरं देवा. वाचला रं बाला." आणि कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण दौलत मागे उभा होता.

"साईनाथ, गनपतीत माझ्या टेम्पोला लावलेस ते त्याच सप्लायरचे ना?"

"तुझे चांगले आहेत रे."

"ते मना कसा समजायचा? मानसा भरून नेतो मी. फुगा आला नि फुटला तर?"

"उद्या आण. बदलून देतो."

"आमचे पन बघ मंग," दुसरा एकजण म्हणाला. तिसऱ्याने नुसतं हं केलं. साईनाथ प्रत्येकाला "हो, बघतो, आणा" म्हणत होता. दुकान त्याच्या बापाने उभं केलेलं. त्याच्या दारात उभं राहून आजवर कुणी मालावर बोट ठेवलं नव्हतं, आणि आज तो स्वतःच ठेवत होता.

केदारला ते ऐकवेना.  आता तो जे बोलला ते साईनाथसाठी की स्वतःच्या छातीवरचं ओझं उतरावं म्हणून, हे त्याला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.

"खोट नव्हती," तो म्हणाला.

"केदार," साईनाथ म्हणाला. नुसतं नाव, खालच्या आवाजात.

पण केदार आता थांबणार नव्हता. "टायर चांगले होते, दौलतभाऊ. एकदम चांगले. मीच काढले. कंपनीचं नाव कुणाला माहीत नव्हतं, मित्र हसले, म्हणून काढले आणि ठाण्याच्या एका दुकानात टाकून आलो. भावोजींनी ते परत घेतले. भावोजी खोटं बोलतायत ते माझ्यासाठी."

बोलून झाल्यावर पळभर त्याला खरंच हलकं वाटलं. मग त्याने साईनाथकडे पाहिलं.

साईनाथ त्याच्याकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता. त्याचा चेहरा अगदी लहान झाला होता. आणि केदारच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला, की हा माणूस मघापासून खोटं बोलत होता ते मेव्हण्याला वाचवायला नव्हेच. माल खराब निघाला, हे त्याला आळीसमोर चालणार होतं. बायकोच्या माहेरच्यांनी आपला मान टाकून दिला, हे चालणार नव्हतं. आणि केदारने नेमकं तेच, त्याच्या आईसमोर, बायकोसमोर, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्या आवाजात सांगून टाकलं होतं. खरं बोलायला ह्याला हाच मुहूर्त सापडला!

दौलतही ओशाळला. "बरा, बरा," म्हणाला, "ती गारी जरा मागं घ्या," आणि टेम्पोकडे वळला. बाकीचे इकडेतिकडे बघत पांगले.

शेवंतीबाई केदारसमोर आल्या. रागावल्या नव्हत्या. तेच वाईट होतं. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"म्हंजे, आमी दिलेला तुमी टाकून दिला?"

तुमी. इतका वेळ बाला होता, आता तुमी झाला. 

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "जेवायला चला. भात निवल."

केदारने गाडी मागे घेतली. उतरला तेव्हा साईनाथ एकटाच थांबला होता. "तुला सांगितलं होतं मी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "धंद्यातलं नाव मी परत कमावलं असतं रे. पण आईसमोर कशाला?"

"भावोजी, चुकलं माझं."

साईनाथने मान हलवली. हो म्हणून की जाऊ दे म्हणून, कळलं नाही. दुकानात कुणीतरी आलंय म्हणाला आणि पुढे निघून गेला. भाऊबीजेच्या दुपारी दुकान बंद होतं, हे केदारलाही दिसत होतं.

घरात मैथिलीने त्याला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी फिरवली, सगळं रीतसर. त्याने ताम्हनात साडी ठेवली, तिने ती बाजूला ठेवली. शेवंतीबाईंनी जेवायला वाढलं, "अजून घ्या, अजून घ्या" म्हणत दोनदा बिरडं वाढलं. साईनाथ जेवायला आला नाही. केदारने ताटातलं सगळं संपवलं, कारण टाकायची त्याची छाती झाली नाही. लाजेने त्याला पाणीसुद्धा मागवत नव्हतं.

निघताना मैथिली फराळाची पिशवी घेऊन गाडीपर्यंत आली.  पिशवी सीटवर ठेवली, दार धरून उभी राहिली.

"ताई, मी उद्या परत येतो. भावोजींशी बोलतो. ते टायर पुन्हा बसवून घेतो."

"नको."

"अगं पण..."

"पुढच्या वर्षीपासून भाऊबीजेला मीच पाचपाखाडीला येईन. तू इकडे येऊ नकोस."

"ताई, भावाने बहिणीकडे जायचं असतं."

"हो, मला माहितीय काय असतं ते." तिचा आवाज शांत होता, फक्त दारावरचा हात घट्ट झाला होता. "पाचपाखाडीला तो मान खाली घालूनच बसतो, केदार. सहा वर्षं बघतेय. एवढं एकच घर आहे जिथे त्याला तसं बसावं लागत नाही. ते तरी त्याला राहू दे."

 केदार "बरं" म्हणाला, आणि मैथिलीने दार लावून घेतलं.